आज्ञाधारक इंजिन : घरच्या सिम्युलेटरवरील अचानक बिघाडाचे निदान

संगणकावरील विमान-सिम्युलेटरमध्ये उड्डाण चालू असताना इंजिन अचानक बंद पडले, की बहुतेक हौशी वैमानिक प्रोग्रामला दोष देतात आणि ते उड्डाण मोडून नवे सुरू करतात. दोष देण्याची ही घाई बहुधा चुकीची असते आणि उड्डाण मोडण्याची घाई तर हमखास महागात पडते, कारण इंजिन कशामुळे थांबले हे सांगणारी प्रत्येक खूण, म्हणजे दांड्यांची स्थिती, टाक्यांतील इंधन, बाहेरचे तापमान आणि काट्यांवरील शेवटचे आकडे, एका कळीसरशी पुसली जाते. सिम्युलेटरमधील इंजिन गणिताचे बनलेले असते. त्याच्या धातूला थकवा येत नाही, त्याची नळी आपोआप सैल होत नाही, आणि इंधन, हवा व ठिणगी या तिहींपैकी एखादी गोष्ट नाकारली गेल्याशिवाय ते थांबत नाही. ती नाकारणारा वैमानिकाचा हात असेल, टेबलावरचे उपकरण असेल, महिन्यापूर्वी बदललेली एखादी सेटिंग असेल किंवा त्या दिवशीची हवा असेल. पण इंजिनाला मिळालेली आज्ञा कोणीतरी दिलेली असते आणि इंजिनाने ती पाळलेली असते. निदान म्हणजे ही नकळत दिलेली आज्ञा शोधून काढणे.

घरगुती सिम्युलेटरचा इतिहास चार दशकांहून मोठा आहे. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये ॲपल-टू या छोट्या संगणकासाठी पहिला सिम्युलेटर बाजारात आणला, १९८२ मध्ये त्याच परंपरेतून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरचा जन्म झाला, आणि ऑस्टिन मायर यांचे एक्स-प्लेन, तसेच सर्वांसाठी खुले व विनामूल्य असलेले फ्लाइटगियर हे १९९० च्या दशकात त्यांच्या जोडीला आले. आरंभीच्या काळात इंजिन म्हणजे थ्रॉटलच्या प्रमाणात ओढ निर्माण करणारे एक साधे समीकरण होते आणि असे इंजिन बंद पडण्याला फारशी कारणेच नव्हती. आजच्या सिम्युलेटरमध्ये हवेची घनता, दमटपणा, इंधन-हवेचे प्रमाण, सिलिंडरच्या डोक्याचे तापमान, प्रत्येक टाकीतील पातळी आणि विजेचा दाब यांचा हिशेब क्षणोक्षणी मांडला जातो, त्यामुळे इंजिन थांबण्याच्या वाटाही तितक्याच वाढल्या आहेत. प्रतिकृती जितकी प्रामाणिक, तितकी ती निष्काळजीपणाला कमी माफ करते, हे ध्यानात ठेवूनच पुढचा शोध घ्यावा लागतो.

वसई-विरारच्या हद्दीत विमानतळ नाही, साधी धावपट्टीही नाही. तरीही या पट्ट्यावरून उडणे घरच्या वैमानिकासाठी फार सोयीचे आहे. दक्षिणेला जुहूचे विमानतळ आहे, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने उतरले होते, आणि तेथून वसईचा किल्ला सरळ रेषेत सुमारे २६ किलोमीटर म्हणजे ११० नॉट वेगाच्या सेस्ना १७२ विमानाला आठ मिनिटांचेही अंतर नाही. वाटेत गोराई-उत्तनचा किनारा, मग उल्हास नदीचे मुख असलेली वसईची खाडी, उजवीकडे नायगावची मिठागरे, पुढे तुंगारेश्वरचा डोंगर आणि जीवदानीची टेकडी, डावीकडे भुईगाव, कळंब, राजोडी आणि अर्नाळ्याचा सलग वाळूचा किनारा, अशा खुणा एकामागून एक येत असल्याने नकाशाशिवायही वाट चुकत नाही. वसई-विरार ज्या पालघर जिल्ह्यात येते, त्याचा विमानांशी आणखी एक संबंध आहे. कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या हातांनी सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या प्रकल्पासाठी पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा करार राज्य शासनाने २०१८ मध्ये केला. त्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली होती आणि चाचणी-उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. खऱ्या विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात याचे एक कारण इंजिन थांबण्याची भीती हेही आहे. घरच्या टेबलावर ती भीती नसते, आणि म्हणूनच तेथे इंजिन थांबण्याचा अभ्यास निवांतपणे करता येतो, अर्थात त्या तासांची गणना वैमानिकाच्या परवान्यासाठी होत नाही.

इंजिन थांबल्यावरची पहिली कृती खऱ्या विमानात आणि सिम्युलेटरमध्ये एकच असावी, ती म्हणजे विमान उडवत राहणे. इंजिन बंद असलेले विमान दगडासारखे पडत नाही, ते घसरत खाली येते. किती उंची गमावून किती अंतर पुढे जाते या गुणोत्तराला घसरण-गुणोत्तर म्हणतात, आणि सेस्ना १७२ साठी ते साधारण नवास एक आहे. वसईच्या खाडीवर २,००० फुटांवर असताना पंख्याची ओढ संपली आणि नाक थोडे खाली करून वेग ६८ नॉटवर स्थिर ठेवला, तर शांत हवेत विमान सुमारे साडेपाच किलोमीटर पुढे जाऊ शकते आणि त्याला जवळजवळ अडीच मिनिटे लागतात. ही अडीच मिनिटे निदानाच्या दृष्टीने मोलाची आहेत, कारण या वेळात पंखा वाऱ्याच्या जोराने फिरत असतो, काटे जिवंत असतात आणि इंजिन पुन्हा पेटण्याची शक्यता असते. सेस्ना १७२ एस या प्रकारासाठीचा क्रम असा आहे, की आधी वेग ६८ नॉट करावा, मग इंधन तोडणाऱ्या झडपेचा खटका पूर्ण आत आहे ना हे पाहावे, टाकी निवडणारा खटका दोन्ही टाक्यांवर ठेवावा, साहाय्यक इंधन-पंप सुरू करावा, इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा लाल दांडा पूर्ण पुढे ढकलावा आणि ठिणगीची चावी दोन्ही मॅग्नेटोवर असल्याची खात्री करावी. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवर न विसंबता, इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र. प्रत्येक इंजिनावर ती दोन असतात, म्हणून विमानातील बाकीची वीज गेली तरी इंजिन चालू राहते. या क्रमातील ज्या पायरीवर इंजिन पुन्हा धडधडू लागते, ती पायरीच बहुधा रोगाचे नाव सांगून जाते, आणि म्हणून सर्व खटके एकदम न हलवता एकेक हलवून मध्ये दोन-तीन सेकंद थांबणे घरच्या वैमानिकाच्या हिताचे असते.

इंजिन पेटले नाही तरी उड्डाण मोडू नये. सिम्युलेटर थांबवून, म्हणजे पॉज करून, समोरच्या सर्व काट्यांचे एक चित्र जतन करावे. एक्स-प्लेनमध्ये माहिती बाहेर काढण्याचा स्वतंत्र पडदा आहे. त्यात इंजिनाचे फेरे, इंधनाचा प्रवाह, सिलिंडर आणि धूर यांची तापमाने, दांड्यांची स्थिती असे रकाने निवडले की ते पडद्यावर दिसतात आणि फाइलमध्येही नोंदवले जातात. फ्लाइटगियरमध्ये प्रत्येक गुणधर्माची किंमत थेट पाहता येते. या नोंदींत सर्वांत बोलका असतो तो बंद पडण्याचा वेग. फेऱ्यांचा काटा एका सेकंदात कोसळला असेल तर मिक्स्चर, ठिणगी किंवा इंधनाची झडप यांपैकी काहीतरी एकदम बंद झाले आहे; फेरे काही मिनिटांत हळूहळू घसरले असतील तर हवेच्या वाटेत बर्फ धरला आहे किंवा मिश्रण बिघडत गेले आहे; आणि इंजिन आचके देत, मध्येच सावरत, शेवटी थांबले असेल तर टाकी रिकामी होत आल्याचा संशय आधी घ्यावा.

पहिल्या प्रकाराची, म्हणजे एका क्षणात थांबण्याची, बहुसंख्य प्रकरणे विमानात घडलेलीच नसतात. ती टेबलावर घडलेली असतात. थ्रॉटल, मिक्स्चर, जॉयस्टिक आणि पायाखालची पेडले ही उपकरणे आपली स्थिती आकड्यांच्या रूपाने संगणकाला कळवतात, आणि स्वस्त उपकरणांत तो आकडा पोटेन्शिओमीटर नावाच्या भागातून येतो. त्यात कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ सरकते व तिच्या जागेनुसार विजेचा दाब बदलतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर ऐकू येते ती याच भागावर धूळ बसल्यामुळे. वसई-विरारच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात आणि वर्षभर चालणाऱ्या बांधकामांच्या धुळीत ही पट्टी लवकर मळते, आणि मग दांडा जागचा हललेला नसतानाही आकडा क्षणभर शून्यावर जाऊन परत येतो. थ्रॉटलच्या बाबतीत असा झटका फक्त कानाला जाणवतो. मिक्स्चरच्या बाबतीत मात्र शून्य म्हणजे इंधन पूर्ण तोडणे, आणि तेवढ्या क्षणात इंजिन विझते. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची जी चाचणी-खिडकी असते, तीत दांडा पूर्ण पुढे ठेवून पाच-दहा मिनिटे नुसते पाहत बसले तरी हा झटका डोळ्यांना सापडतो. उपाय दोन पातळ्यांवर करता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लिनरचा हलका फवारा मारून दांडा अनेकदा मागे-पुढे केला की पट्टी बरीच साफ होते. आणि सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये त्या अक्षाच्या टोकाला थोडा मृत पट्टा ठेवला, म्हणजे शेवटच्या काही टक्क्यांतील चढउताराकडे दुर्लक्ष करायला सांगितले, की लहान झटके निष्प्रभ होतात. नवे उपकरण घेण्याची ऐपत असेल तर चुंबकाच्या साह्याने, घर्षणाविना स्थिती मोजणाऱ्या हॉल सेन्सरचे उपकरण किनारपट्टीच्या घरासाठी अधिक टिकाऊ ठरते.

याहून फसवा प्रकार दुहेरी जोडणीचा आहे. नवे उपकरण संगणकाला लावले, की अनेक सिम्युलेटर त्याच्या प्रत्येक अक्षाला आपल्या मनाने एखादे काम नेमून देतात, त्यामुळे नव्याने आणलेल्या पेडलांचा एखादा अक्ष मिक्स्चरला जोडला गेल्याचे वैमानिकाला कळतही नाही. धावपट्टीवर सर्व ठीक चालते, पण हवेत डावे पेडल दाबताच इंजिन थांबते, आणि वळण व बंद पडणे यांचा संबंध लावणे कोणालाही सुचत नाही. कळफलकावरही मिक्स्चर तोडणारी व ठिणगीची चावी फिरवणारी कळांची जोडी असते. कॅमेरा बदलण्याच्या गडबडीत ती दाबली जाणे सहज शक्य आहे. नियम असा, की मिक्स्चर, थ्रॉटल आणि पंख्याच्या पात्यांचा कोन ही तिन्ही कामे सेटिंगच्या यादीत शोधून प्रत्येक कामाला एकच मालक आहे याची खात्री करावी व बाकीच्या सर्व जोडण्या पुसाव्यात.

विजेचा प्रश्नही येथेच येतो. पावसाळ्यात घरातला दिवा एकदा लुकलुकतो, यूपीएसमुळे संगणक चालूच राहतो, पण भिंतीतल्या वेगळ्या प्लगवरून वीज घेणारा यूएसबी हब क्षणभर मरतो आणि त्याला जोडलेली सर्व उपकरणे नाहीशी होऊन पुन्हा प्रकट होतात. त्या क्षणी सिम्युलेटरला अक्षाचा आकडा मध्यावर किंवा शून्यावर असल्याचे कळते, आणि आज्ञाधारक इंजिन थांबते. म्हणून हबचा अडॅप्टर संगणकाच्याच यूपीएसवर लावावा, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी हब बंद करण्याची जी मुभा संगणकाला दिलेली असते, ती काढून घ्यावी. लांबच्या उड्डाणात स्वयंचालकावर विमान सोडून वैमानिक अर्धा तास काहीच हलवत नाही, तेव्हा ही मुभाच घात करते.

सेटिंगमधला बिघाड थोडक्यात सांगता येतो. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक यंत्रणेला ठरावीक वेळी, ठरावीक उंचीवर किंवा सरासरी इतक्या तासांनी एकदा अशा बेताने नादुरुस्त करता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्येही बिघाड आखण्याची सोय आहे, आणि इंजिनावरील ताणामुळे ते खराब व्हावे की नाही, इंधन अमर्याद असावे की नाही, मिक्स्चर आपोआप सांभाळले जावे की नाही, हे साहाय्याच्या पडद्यावर ठरते. सरावासाठी एकदा लावलेले असे खटके पुढे विस्मरणात जातात. घरातल्या दोघांनी एकच संगणक वापरला तर ही शक्यता दुप्पट होते.

इंधनाच्या बाबतीत टाकीत इंधन असणे आणि ते इंजिनापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेस्ना १७२ एस मध्ये दोन्ही पंखांत मिळून ५६ अमेरिकी गॅलन इंधन मावते व त्यातले ५३, म्हणजे सुमारे २०० लिटर, वापरता येते. परंतु टाकीचा खटका एकाच बाजूला राहिला तर निम्मे इंधन शिल्लक असतानाही इंजिन उपाशी मरते. मापांचा घोळ त्याहून जुना आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात २२,३०० किलोग्रॅमऐवजी २२,३०० पौंडांच्या हिशेबाने इंधन धरले गेले, दोन्ही इंजिने हवेतच थांबली आणि वैमानिकांना ते विमान घसरवत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवावे लागले. घरचा सिम्युलेटर इंधन कधी गॅलनमध्ये, कधी पौंडांत, कधी किलोत, तर कधी नुसत्या टक्क्यांत दाखवतो, आणि वेगवेगळ्या निर्मात्यांची विमाने एकाच सिम्युलेटरमध्ये वेगवेगळी मापे वापरतात. त्यामुळे भरण्यापूर्वी एकक वाचणे ही सवय तेथेही लागते.

आता त्या प्रकाराकडे वळावे, ज्यात सिम्युलेटर पूर्णपणे बरोबर असतो आणि वैमानिकाचे ज्ञान अपुरे असते. पेट्रोल जळण्यासाठी वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. उंचीवर हवा विरळ होते. ७,५०० फुटांवर तिची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी असते, म्हणून वैमानिक लाल दांडा मागे ओढून पेट्रोलही कमी करतो, आणि याला मिश्रण पातळ करणे म्हणतात. नाशिकजवळच्या ओझरहून वसईकडे येणारे १४० किलोमीटरचे उड्डाण या नियमाची उत्तम परीक्षा घेते. सह्याद्रीची धार ओलांडण्यासाठी ७,५०० फूट उंची घेतली जाते, मिश्रण नीट पातळ केले जाते, इंजिन गोड चालते; मग घाट मागे पडतो, तुंगारेश्वर समोर दिसू लागतो, थ्रॉटल कमी करून विमान उतरू लागते, हवा दर हजार फुटांना दाट होत जाते, पण लाल दांडा आहे तिथेच राहतो. पेट्रोल तेवढेच आणि हवा अधिक, असे होत होत मिश्रण इतके पातळ होते, की किनाऱ्यावर येऊन वैमानिक थ्रॉटल पुढे ढकलतो तेव्हा इंजिन खोकते आणि थांबते. वैमानिकाच्या दृष्टीने त्याने काहीच केलेले नसते, आणि नेमके तेच कारण असते: उतरताना दर हजार-दोन हजार फुटांना दांडा थोडा पुढे सारायला हवा होता. ज्याने आजवर मिक्स्चर आपोआप सांभाळणारी सोय वापरली आणि मग वास्तवाच्या ओढीने ती बंद केली, त्याच्या वाट्याला हा प्रसंग हमखास येतो.

कार्बोरेटरमधील बर्फ हा या प्रकरणातला सर्वांत मनोज्ञ विषय आहे, कारण तो किनाऱ्यावरच्या माणसाच्या समजुतीलाच धक्का देतो. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे भांडे. त्यातल्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब व तापमान कमी होते, शिवाय पेट्रोलचे बाष्प होताना ते आणखी उष्णता ओढून घेते, आणि या दोहोंमुळे आतली हवा २० ते ३० अंश सेल्सिअसने थंड होऊ शकते. जुलैतल्या वसईत बाहेर २७ अंश तापमान असते आणि हवा बाष्पाने गच्च भरलेली असते. तीच हवा गळ्यात शून्याच्या आसपास येते, बाष्पाचे दव होते, दवाचा बर्फ होतो आणि गळा बुजत जातो. अंगाला घाम फुटत असताना इंजिनात बर्फ धरतो ही गोष्ट पटायला जड वाटते, परंतु या बर्फाला कडाक्याच्या थंडीपेक्षा दमटपणाच अधिक मानवतो, आणि थ्रॉटल कमी करून उतरताना, जेव्हा गळ्याची झडप जवळजवळ मिटलेली असते, तेव्हा धोका सर्वाधिक असतो. सेस्ना १५२ मध्ये कार्बोरेटर आहे. सेस्ना १७२ एस मध्ये पेट्रोल थेट फवारले जाते, म्हणून तिला हा रोग होत नाही. साहजिकच, सिम्युलेटरमध्ये त्या दिवशीचे खरे हवामान लावून कोणी श्रावणात जुहूहून अर्नाळ्यापर्यंत १५२ उडवली आणि परतीला उतरताना फेरे हळूहळू घसरले, तर बर्फाचा हिशेब करणाऱ्या एक्स-प्लेनसारख्या सिम्युलेटरने मुंबईचा पावसाळा अचूक ओळखलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे कार्बोरेटर हीट नावाचा खटका पूर्ण बाहेर ओढणे. त्यामुळे धुराच्या नळ्यांभोवती तापलेली हवा आत घेतली जाते. येथे एक पेच आहे, जो खऱ्या नवशिक्यालाही चकवतो. तापलेली हवा विरळ असते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जाते, म्हणून खटका ओढताच इंजिन आधीपेक्षाही वाईट चालू लागते, फेरे आणखी पडतात, धडधड वाढते. घाबरलेला वैमानिक खटका पुन्हा आत ढकलतो आणि अर्धवट वितळलेला बर्फ पुन्हा धरू लागतो. खटका ओढल्यावर तो तसाच ठेवून वाट पाहावी लागते, मग फेरे चढू लागतात, आणि ते चढले हीच आत बर्फ होता याची खूण असते. इंजिन पूर्ण विझल्यावर मात्र तापलेली हवाच उरत नाही, म्हणून हा उपाय वेळेवर करावा लागतो. खात्री करून घ्यायची असेल तर तीच वाट, तेच विमान, पण हवामान कोरडे व निरभ्र ठेवून उडावे. इंजिन चालू राहिले तर निदान पक्के.

काही स्वतंत्र निर्मात्यांच्या विमानांत, उदाहरणार्थ एटूए सिम्युलेशन्सच्या विमानांत, मात्र झीजही हिशेबात धरली जाते आणि ती एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात जाते. जमिनीवर मिश्रण समृद्ध ठेवून बराच वेळ मंद गतीने फिरत राहिल्यास ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी व शिशाचा थर बसतो, आणि उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो तपासताना इंजिन अडखळते. ही तपासणी टाळणाऱ्याला तो बिघाड हवेत भेटतो. अशा विमानात ‘काल तर ठीक चालले होते’ हा युक्तिवाद उपयोगाचा नसतो, कारण कालचे उड्डाण आजच्या इंजिनात साठलेले असते.

जेट विमानांत मिक्स्चर नाही, कार्बोरेटर नाही. तेथे संशयितांची यादी इंधन-पंप, टाक्या जोडणारी झडप आणि इंजिनाचे मुख्य खटके एवढ्यावर येते, आणि टेबलावरच्या थ्रॉटलची तळाची खाच नीट न जुळवल्याने इंजिन बंद होण्याचा प्रकारही आढळतो. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान कोसळले, आणि महिन्याभराने प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आली. घरच्या सिम्युलेटरवर तसे खटके ओढून विमान कसे खाली येते हे पाहता येते, पण खटके का हलले हे त्यातून तसूभरही कळत नाही, कारण सिम्युलेटर आज्ञेचा परिणाम मोजतो, आज्ञेचा उगम जाणत नाही. व्यावसायिक सिम्युलेटरवरच्या तपासालाही अशीच सावधगिरी लागते. १५ जानेवारी २००९ रोजी पक्षी आदळून दोन्ही इंजिने गमावल्यावर हडसन नदीत उतरलेल्या यूएस एअरवेजच्या विमानाच्या तपासात, इंजिने जाताच वळलेले काही वैमानिक सिम्युलेटरमध्ये विमानतळावर परत पोहोचले. परंतु माणसाला परिस्थिती उमगण्यासाठी ३५ सेकंद दिल्यावर परतीचा प्रयत्न फसला. घरच्या सरावातही बिघाडाची वेळ स्वतःला ठाऊक असेल तर हातांना मिळालेले यश खरे मानू नये. वेळ यादृच्छिक ठेवावी किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडून खटका ओढून घ्यावा.

एवढे सर्व तपासूनही उत्तर सापडले नाही, तर सर्व उपकरणे काढून, निरभ्र हवामानात, सिम्युलेटरसोबत आलेले मूळ विमान केवळ कळफलकावर अर्धा तास उडवावे. ते नीट चालले, तर मग एका वेळी एकच गोष्ट परत आणावी: आधी जॉयस्टिक, मग थ्रॉटल, मग पेडले, मग खरे हवामान, आणि शेवटी बाहेरून घेतलेले विमान. दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर निकाल हाती येऊनही कारण हातचे निसटते. बाहेरून घेतलेले विमानच दोषी ठरले, तर बहुधा सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीत इंधन-यंत्रणेचा हिशेब बदललेला असतो आणि विमान जुन्याच हिशेबावर चालत असते. अशा वेळी खरा दोष प्रोग्रामचा असतो आणि तो निर्मात्याला कळवणे योग्य ठरते. ‘इंजिन आपोआप बंद पडते’ एवढ्या तक्रारीवर कोणताही निर्माता काही करू शकत नाही; परंतु विमानाची व सिम्युलेटरची आवृत्ती, उंची, बाहेरचे तापमान, मिक्स्चर व टाकीच्या खटक्याची स्थिती, दोन्ही टाक्यांतील इंधन, फेरे किती सेकंदांत पडले ती नोंद आणि सिम्युलेटरने स्वतः लिहिलेली लॉगची फाइल एवढे सोबत दिले, तर तोच बिघाड त्याला आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहता येतो व दुरुस्त करता येतो.